पाठीवरचं बिऱ्हाड

शिर्डी हे काही डोंगराचं गाव नाही. दर्शनाला येणाऱ्या माणसाला आमच्याकडे सपाट रान, ऊस आणि पेरूच्या बागा दिसतात. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे कळसूबाई आहे, १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड आहे, रतनगड आहे, सांदणची घळ आहे. संगमनेर, अकोले, राजूर असं करत माणूस तीन-चार तासांत उसातून कारवीत जाऊन पोचतो. आमच्या गावातली तरुण मुलंही आता शनिवारी रात्री पाठीला पिशवी लावून तिकडे निघतात. गेली पंचवीसेक वर्षं मीही जातो. मी काही गिर्यारोहक नव्हे. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण त्या वाटांवर चालून आणि तिथल्या लोकांच्या ओसरीवर बसून एक गोष्ट थोडीफार कळली. जंगलात जाताना बरोबर काय घ्यावं आणि काय घरी ठेवावं, ही ती गोष्ट. आज त्याविषयी बोलणार आहे.

मध्यंतरी शेजारचा मुलगा एक यादी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, एवढं घेतलं की रानात दोन दिवस राहता येईल ना?" यादीत हातभर लांबीचा सुरा होता, घडीची करवत होती, छोटी कुऱ्हाड होती, ठिणगी पाडणारी सळई होती, फासा लावायची तार आणि मासे धरायचे गळही होते. मोबाइलवर कुणी परदेशी माणूस अरण्यात एकटा राहताना त्यानं पाहिला होता. सगळं मिळून बारा हजारांच्या घरात जात होतं. पाण्याची बाटली मात्र त्या यादीत नव्हती.

त्या परदेशी माणसाचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. तो उत्तरेकडच्या थंड मुलखात, देवदारासारख्या झाडांच्या अरण्यात राहतो. तिथे पाणी जागोजाग आणि माणूस विरळा. लाकूड फोडून शेकोटी केली नाही तर रात्र निघणार नाही. त्याच्या मुलखात कुऱ्हाड ही जीव वाचवणारी वस्तू आहे. आपला मुलूख वेगळा. अकोल्याच्या या डोंगरांत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, ते १९८६ साली जाहीर झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथे झाड तोडणं, जाळ लावणं, फासा लावणं हे सगळे गुन्हे आहेत. शिवाय ते रान रिकामं नाही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं पिढ्यान् पिढ्या तिथे नांदताहेत. हिरडा वेचून विकण्यावर कितीतरी घरांची मीठमिरची चालते. आपण गंमत म्हणून कुऱ्हाड चालवू, ती कुणाच्या तरी हिरड्यावर पडेल. तेव्हा यादीतल्या निम्म्या वस्तूंवर तिथेच काट मारता येते.

मग घ्यायचं काय? माझ्या मते दुकानात जाण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: सह्याद्रीत माणसाच्या जिवाला धोका कशाचा असतो? वाघाबिबट्याचं नाव पटकन तोंडात येतं. खरं पाहता तहान, गारठा, अंधार-धुकं आणि घसरणं, हे चौघं इथले खरे वैरी. पिशवी भरायची ती या चौघांकडे बघून.

पहिली तहान. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं धरून ठेवत नाही. आषाढात जिथे कानठळ्या बसवणारा धबधबा असतो, तिथे शिमग्याला दगड तापलेले असतात. गडांवर कातळात खोदलेली जुनी टाकी असतात, पण कुठल्या टाक्याला कधीपर्यंत पाणी राहतं आणि त्यातलं कुठलं पिण्याजोगं, हे पायथ्याच्या गावात विचारूनच वर जावं. रमजान उन्हाळ्यात आला की तहान म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना समजतं. पण रोजेदाराला सावलीत बसता येतं, भर चढणीवरच्या माणसाला ती सोय नसते. दिवसभर चालायचं तर माणशी तीन-चार लिटर पाणी हवं. ते एकाच बाटलीत नको. एक फुटली किंवा दरीत गेली तरी दुसरी राहते. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून दवाखान्यात जुलाबावर देतात ती मीठ-साखरेची पाकिटं चार-पाच असू द्यावीत. टाक्यातलं पाणी प्यायचंच झालं तर क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. त्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात आणि वजन तर काहीच नसतं.

दुसरा गारठा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून थंडीनं माणूस दगावेल हे पुष्कळांना पटत नाही. हिशेब करून बघा. शिर्डी समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर आहे. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे कळसूबाईवर आमच्यापेक्षा सात अंश कमी. त्यात पाऊस. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो आणि त्याच जिल्ह्यातलं घाटघर पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलतं. भिजलेला कपडा अंगावर आणि वरून वारा, एवढ्यावर शरीराची ऊब निघून जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पुण्याकडून आलेले काही तरुण धुक्यात वाट चुकले. पावसात, उघड्यावर रात्र काढावी लागली आणि त्यातला एकजण गारठून गेला. ही बातमी वाचली त्या दिवसापासून पावसाळ्यात निघणाऱ्या प्रत्येकाला मी कोरड्या कपड्यांविषयी आधी विचारतो.

कोरडा जोड, लोकरीची टोपी आणि एक लोकरीचा किंवा तसाच उबदार कपडा, हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठपिशवीच्या तळाशी ठेवायचं. कितीही भिजलं तरी मुक्कामाला पोचेपर्यंत ते सोडायचं नाही. जीन्सची विजार घालूच नये. ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. साधी टेरिकॉटची पँट तिच्यापेक्षा बरी. युरियाच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन आपले शेतकरी भात लावतात, त्या खोळीला मी कधी हसत नाही. बरोबरचा माणूस कापायला लागला, बोलताना त्याची जीभ जड व्हायला लागली, तर पुढे रेटू नये. आडोसा शोधून कपडे बदलावेत, गरम आणि गोड काहीतरी प्यायला द्यावं. दारू तर अजिबात नको. तिनं ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून उलट आतली ऊबच बाहेर जाते.

तिसरा अंधार आणि त्याचा भाऊ धुकं. दोन्हींत डोळे असून उपयोग नसतो. मोबाइलचा दिवा हा दिवा धरू नये, कारण तो पेटवला की बोलायची बॅटरी संपते. डोक्याला बांधायचा छोटा टॉर्च प्रत्येकाकडे हवा, दोघांत एक नव्हे. हात मोकळे राहतात आणि उतरताना हातांची फार गरज असते. सेल जास्तीचे ठेवावेत. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, कारण दरीत शिरलं की रेंज जाते. आणि एक शिट्टी, पंचवीस-तीस रुपयांची. माणूस ओरडून अर्ध्या तासात घसा बसवून घेतो, शिट्टी रात्रभर वाजते. मदत हवी असेल तर मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. जगभरच्या डोंगरांत ही खूण ओळखतात. बारा हजारांच्या यादीत नसलेली ही वस्तू मी सगळ्यांत वर लिहीन.

चौथं घसरणं. इथला कातळ ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि चांगल्या चांगल्यांचे पाय सुटतात. बूट महाग असण्यापेक्षा तळवा खडबडीत आणि मऊ रबराचा असावा, आणि बूट आधी पंधरा दिवस घालून पायाला सरावलेला असावा. शिर्डीला पालखीबरोबर चालत येणारे पदयात्री आम्ही दर वर्षी पाहतो. नवे कोरे बूट घालून निघालेला माणूस फोड आलेल्या पायांनी पोचतो. काठी हवीच, उतारावर तिनं गुडघ्यांचा भार हलका होतो. दोर मात्र ज्याला गाठ मारता येते त्यानंच घ्यावा. न शिकलेल्याच्या हातातला दोर नसती हिंमत देतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट आहे, नळीची वाटही आहे. पहिली नवख्याला झेपते, दुसरी जाणत्या माणसाशिवाय धरू नये.

बाकीचं थोडक्यात सांगतो. खायला शेंगदाणे-गूळ, फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू; जे न शिजवता खाता येतं ते. कांदा कापायचा लहान चाकू पुरे. आगपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पट्टी, जंतुनाशक मलम, लचकेवर बांधायचा ताणपट्टा, आणि रोजची स्वतःची औषधं. सर्पदंशासाठी म्हणून पातं आणि रबरी नळीची पेटी विकायला असते, ती घेऊ नये. चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला न हलवता धीर द्यावा आणि उचलून थेट सरकारी रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची लस तिथेच मिळते. अत्तर, सेंट घरी ठेवावं. आग्या मोहोळाच्या माश्या वासानं चवताळतात. सगळं भरून झालं की पिशवी वजनकाट्यावर ठेवावी. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरली तर पुन्हा उपसावी. आमच्या गावच्या संग्रहालयात बाबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा वस्तूंवर उभं आयुष्य निघालं! आपल्याला तर दोनच दिवस काढायचे असतात.

पाचनईच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ मला नेहमी भेटतात. खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता, फडक्यात भाकरी, तंबाखूची चंची. बस्स. मी एकदा विचारलं, "बाबा, रात्र झाली तर काय करता?" ते म्हणाले, "काय करायचं? खाली कुणाच्या बी घरी टेकायचं." मला वाटतं, त्यांचं खरं सामान हेच आहे. प्रत्येक वाडीत सोयरा, प्रत्येक ओहळाची ओळख. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते, हे त्यांच्या घोंगडीला कुणी शिकवलेलं नाही. आपल्याकडे ती ओळख नाही, म्हणून आपल्याला पिशवी लागते. जितकी ओळख कमी, तितकी पिशवी जड. तेव्हा पहिल्या एक-दोन खेपांना गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी मोकळ्या हातानं द्यावी. कोणत्याही दुकानात एवढी उपयोगी वस्तू मिळायची नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आपण हरवलो की शोधायला कोण येतं? त्याच वाडीतली पोरं येतात. गिर्यारोहकांच्या बचाव पथकातली मंडळी नोकरी-धंदा टाकून येतात. भर पावसात, रात्री, त्याच निसरड्या कातळावरून ते आपला शोध घेतात. त्यांच्याही घरी कुणीतरी जागत बसलेलं असतं. मी टॉर्च घेतला नाही तर तो फक्त माझा प्रश्न राहत नाही, आठ-दहा जणांची रात्र मी धोक्यात घालतो. म्हणून पिशवी भरताना आपल्या जिवाबरोबर त्या अनोळखी पोरांचाही विचार मनात असावा.

त्यासाठी शेवटची एक वस्तू सांगतो, ती पिशवीत जात नाही. एका कागदावर लिहायचं: कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेनं, बरोबर कोण कोण, कधी परतणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. हा कागद घरी द्यायचा. घरच्यांना सांगून ठेवायचं, की ती वेळ टळली तर ११२ वर कळवा आणि पायथ्याच्या गावात फोन करा. वाट मध्येच बदलायची नाही, कारण शोधणारा त्या कागदावरच्या वाटेनं येणार आहे. आणि खाली उतरलात, रेंज आली, की फोटो पाठवायच्या आधी घरी फोन करा. नुसतं "उतरलो" एवढं म्हटलं तरी पुरे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)