चिमाजीअप्पांची कीर्ति



भाईंदरहून उत्तनकडे जातांना मुर्धा हें गांव लागतें. त्याच रस्त्यानें पुढें चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. समोर खाडी आणि खाडीच्या पैलतीरीं वसई.

बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधु चिमाजीअप्पा हे वसईचे विजेते म्हणून प्रसिद्ध आहेत. खाडीच्या मुखावरील धारावीचें ठाणें हातीं आल्यावांचून पोर्तुगीजांची समुद्रावरील रसद रोखणें कठीण होतें. म्हणून १७३९ सालीं मराठ्यांनीं प्रथम तें घेतलें. पुढें सुरुंगांनीं वसईचा तट फोडला आणि मे महिन्यांत किल्ला शरण आला.

हा पराक्रम सर्वांना ठाऊक असतो. तहाचीं कलमें क्वचितच आठवतात. हजारों माणसें गमावलेल्या या सेनापतीनें पराभूत शिबंदीला शस्त्रांसह, वाद्यें वाजवीत, सन्मानानें बाहेर पडूं दिलें. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली. विजयचिन्ह म्हणून घंटा तेवढ्या देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरांतील घंटा त्यांपैकींच एक.

१७४० च्या डिसेंबरांत अप्पा वारले. तेव्हां त्यांनीं वयाची पस्तिशीहि गांठली नव्हती.

पराक्रमानें मनुष्याचें नांव होतें खरें; पण सूड घेण्याचें सामर्थ्य हातीं असतां तो स्वतःला कितपत आवरतो, हेंहि त्याच्या कीर्तींत जमेस धरावयास हवें. उत्तनच्या ख्रिस्ती कोळीवस्तींत आजहि प्रार्थना होते. अप्पांचें नांव घेतांना वसईच्या तटाबरोबर त्या तहाचीहि आठवण ठेवावी.