शेअर घरबसल्या घ्या, पण चावी आपल्याच हाती ठेवा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत रस्ते, पाणी आणि सिंहस्थाच्या कामांवर चर्चा होते. तिथे शेअर बाजार कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण घरातली बचत कुठे जाते आणि ती कोण राखतो, हा प्रश्नसुद्धा राजकारणाचाच आहे. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. शेअरचा तज्ज्ञ नाही, पण काउंटरवर बसून लोकांचा पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो ते रोज पाहतो.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी आपली घराणी इथेच राहिली. पुढे १९५१ च्या कायद्याने मध्यभारतातली जमीनदारी गेली आणि आपण नोकरीपेशात स्थिरावलो. म्हणजे आज आपल्या घरांत जो पैसा आहे तो पगाराचा, पेन्शनचा, ग्रॅच्युइटीचा आहे. मुले पुण्याला, बेंगळूरला. आईवडील इथे, हातात मोबाइल आणि बँकेत एफडी. बाजारात उतरणारा आणि ठगांच्या नजरेत भरणारा माणूस आज हाच आहे.

सट्टा माळव्याला नवा नाही. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद अफू आणि कापसाच्या सट्ट्यासाठी देशभर प्रसिद्ध होते. पण त्यांच्या नावाने उभी राहिली ती गिरणी. शेअर म्हणजे अशा चालत्या धंद्यातला वाटा. तो घेऊन ठेवणे ही गुंतवणूक. त्याच्या भावावर रोज डाव लावणे हा सट्टा. मोबाइलवर दोन्हींची बटणे शेजारी-शेजारी असतात, म्हणून नवशिक्याने हा फरक आधी मनात पक्का करावा.

तीन खाती, तीन कामे

आपल्याकडे २००० साली इंटरनेटवरून शेअर व्यवहाराला परवानगी मिळाली. त्यासाठी तीन खाती लागतात. पैसा बँक खात्यात. खरेदी-विक्रीचा हुकूम दलालाकडच्या ट्रेडिंग खात्यातून. आणि शेअर राहतात डीमॅट खात्यात. हे डीमॅट म्हणजे शेअरचे पासबुक. त्याची नोंद दलालाच्या वहीत नसते, तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत आपल्या नावावर असते. दलालाचे दुकान उद्या बंद पडले तरी ही नोंद राहते. पॅन, आधार आणि बँक खाते असले की हे सगळे घरबसल्या उघडते. एका माणसाच्या नावावर एकच डीमॅट असेल आणि त्यात ४ लाखांपर्यंतच शेअर असतील, तर मूलभूत सेवेच्या खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही.

पण नाव आपले असले तरी चावी कोणाकडे, हे पाहावे लागते. २०१९ मध्ये हैदराबादच्या कार्वी या मोठ्या दलाल कंपनीचे प्रकरण उघड झाले. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे त्यांचेच शेअर गहाण ठेवून कंपनीने कर्जे उचलली होती. त्यानंतर नियम कडक झाले. तरीही खाते उघडताना कशाकशावर सही करतो ते वाचावे, आणि ओटीपी व पिन मुलालाही फोनवर सांगू नये, मग 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्याची काय कथा! डिपॉझिटरीचे मासिक विवरण ईमेलवर येते. ते दलालाच्या ॲपशी ताडून पाहावे.

सुरुवात कशी करावी

पहिले सहा महिने इतकीच रक्कम लावा की ती निम्मी झाली तरी घरखर्च, औषधपाणी आणि लग्नकार्य अडणार नाही. एफडी मोडू नये, कर्ज काढू नये. पहिला शेअर अशा कंपनीचा घ्या जिचा धंदा तुम्ही घरच्यांना दोन वाक्यांत समजावू शकाल. बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. ऑर्डर देताना 'लिमिट' निवडा, म्हणजे ठरवलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होत नाही. 'डिलिव्हरी' निवडा, 'इंट्राडे' नाही. २०२३ पासून सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. शेअर डीमॅटमध्ये दिसला की खरेदी झाली असे समजा.

कर लक्षात ठेवा. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, आणि वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वारसाची नोंद पहिल्याच दिवशी करा. जुन्या पेटीत आजोबांचे कागदी शेअर असतील तर तेही काढून पाहा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. आणि सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारी निधीत जातात. तिथून अर्ज करून ते परत मिळवता येतात, पण खेपा पडतात.

आता फ्युचर-ऑप्शन. सेबीनेच २०२४ मध्ये हिशेब मांडला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ सामान्य लोकांना त्यात तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. एका दिवसात घेऊन विकणाऱ्यांतही २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते. आपला पुतण्या हुशार असेल, पण समोर मोठ्या संस्थांची यंत्रे बसली आहेत.

टिप देणारे

शेजारच्या इंदुरातल्या कितीतरी सल्लागार कंपन्यांवर सेबीने कारवाई केली आहे. आधी गोड फोन, मग 'फी', मग 'हमखास नफा', मग आणखी फी. आता तेच व्हॉट्सॲपच्या गटांत चालते. बनावट ॲपवर नफा वाढताना दिसतो आणि पैसे काढायला गेले की 'आधी टॅक्स भरा' असे उत्तर येते. माझ्या समोर ज्येष्ठ माणसे एफडी मोडून अनोळखी खात्यात पैसे पाठवायला येतात. दोन प्रश्न विचारले तर रागावतात. कृपा करून रागावू नका. सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या यादीत स्वतः पाहा. दलालाचा क्रमांक आयएनझेड अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए अक्षरांनी. कायदेशीर सल्लागार नफ्याची हमी देतच नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा, कारण पैसे अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. नोंदणीकृत दलालाविरुद्ध सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करा.

मंडळाचे काम

विनोद मिल बंद पडल्यावर कामगारांना हक्काच्या पैशासाठी किती वर्षे वाट पाहावी लागली, हे उज्जैनला सांगायला नको. गेलेला पैसा परत मिळवण्यात आयुष्य जाते. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाने महिन्यातून एका रविवारी जाणत्या तरुणांना बसवून ज्येष्ठांना खाते, विवरण आणि वारस-नोंद समजावून द्यावी, मात्र कुणीही कोणत्या शेअरचे नाव सुचवू नये. सायबर तक्रार आपल्याच ठाण्यात विनाविलंब नोंदवली जावी, असे निवेदन पोलीस अधीक्षकांना द्यावे. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, रस्त्यांबरोबर हाही प्रश्न विचारावा: लहान बचतदाराच्या पैशाच्या रक्षणासाठी तुम्ही काय करणार?

शेअर बाजाराला घाबरून दूर राहा असे माझे म्हणणे नाही. देशाच्या धंद्यात आपलाही वाटा असावा. तो आपल्या नावावर असावा, आपल्याला समजलेला असावा, आणि त्याची चावी आपल्याच हाती असावी.