आकृतीतून विचार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आजचा विषय वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील मुलांशी निगडित आहे, म्हणूनच मी तो मुद्दाम निवडला.

आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. नागपूर अधिक पूर्वेला की हैदराबाद? पुष्कळांच्या ओठांवर हैदराबादच येईल. वस्तुतः नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पलीकडे आहे, तर हैदराबाद साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. म्हणजे नागपूरच अधिक पूर्वेला. मग फसगत का होते? मनातील नकाशा हा भिंतीवरील नकाशाची हुबेहूब प्रत नसतो. तेलंगण महाराष्ट्राच्या पूर्वेस, हे आपण आधी ध्यानात ठेवतो आणि शहरांचे स्थान त्यावरून ताडतो. १९७८ साली अमेरिकेत स्टीव्हन्स आणि कूप या संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट तेथील रेनो आणि सान दिएगो या शहरांच्या बाबतीत दाखवून दिली होती.

तथापि मन केवळ फसते असे नाही. ते आकृतीवर कामही करते. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या लोकांपुढे ठेवल्या व दोन्ही वस्तू एकच आहेत की भिन्न, असे विचारले. एक आकृती दुसरीच्या तुलनेत जितकी अधिक फिरवलेली, तितका उत्तरास वेळ अधिक, आणि तोही अगदी प्रमाणात! जणू माणसे ती वस्तू मनातल्या मनात हाताने फिरवून पाहत होती.

मग कागदावर काढलेली आकृती आपणांस कोणती मदत करते? लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८७ मध्ये याचे मार्मिक उत्तर दिले. एकत्र वापरावयाची माहिती आकृतीत एकत्रच सापडते. त्यामुळे शोधाशोधीचे श्रम वाचतात. आपल्या लग्नघरातील नातीगोतीच पाहा ना. 'आईच्या आतेभावाच्या सुनेची धाकटी बहीण' हे ऐकता ऐकता श्रोता वाट चुकतो. तेच नाते वंशवृक्षात मांडले, की बोट फिरवताच उलगडते. माहिती तीच, पण मांडणी बदलल्याने विचार सुकर झाला.

असे असूनही आकृतीला विद्वानांच्या पंक्तीत मानाचे पान सहजासहजी मिळाले नाही. सिद्धता शब्दांनी आणि चिन्हांनी करावी, आकृती ही केवळ सोय, असे तर्कशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत आले. १९९४ मध्ये सन-जू शिन यांनी व्हेन यांच्या वर्तुळाकृतींना काटेकोर नियम घालून दिले आणि त्यांच्या आधारे केलेले अनुमान निर्दोष ठरू शकते, हे सिद्ध केले. मानसशास्त्रज्ञ, भूगोलज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि शिक्षक हे मात्र आपापल्या अंगणात याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांना एका छताखाली आणले ते परिषदांनी. १९९३ मध्ये इटलीच्या एल्बा बेटावर अवकाशविषयक माहितीच्या सिद्धान्तावर परिषद भरली. २००० साली एडिंबरो येथे आकृत्यांचा सिद्धान्त आणि उपयोग यांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. या दोन्ही परंपरा पुढे चालू राहिल्या. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने विज्ञान, तंत्रज्ञान व गणित यांच्या शिक्षणविषयक संशोधनाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय परिषद २००४ मध्ये गोव्यात भरविली. आकृत्या आणि दृश्य विचार यांतून मुले विज्ञान कसे शिकतात, याचाही अभ्यास या केंद्रात झाला आहे.

आता या साऱ्या खटाटोपातील जो निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांगतो. 'याला भूमितीचे डोकेच नाही', 'हिला नकाशा कळायचा नाही', असे निर्णय आपण घराघरांतून किती सहजपणे देतो! मुलींच्या वाट्याला तर ते अधिकच येतात. २०१३ मध्ये अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१७ संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून दिसले ते असे की, अवकाशविषयक विचारशक्ती सरावाने वाढते आणि ती वाढ काही काळ टिकूनही राहते. अमेरिकेतील मिशिगन येथे शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून अभियांत्रिकीच्या ज्या नवागत विद्यार्थ्यांना अशा चाचणीत गुण कमी पडत, त्यांच्यासाठी रेखाटनाचा छोटा अभ्यासक्रम चालविला. तो घेतलेल्या विद्यार्थ्यांची, विशेषतः मुलींची, शिक्षणात तग धरण्याची शक्यता वाढली. जे आपण जन्मजात मानून सोडून दिले होते, ते शिकविता येते!

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. मुलाने आकृती पाठ केली की नाही, एवढेच पाहू नका. पुस्तक मिटून ती त्याला पुन्हा काढावयास सांगा आणि हा भाग येथेच का, असे विचारा. गावी जाताना गाडीत नकाशा त्याच्या हाती द्या. मंडळाच्या दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी मुलामुलींकडून काढवून घ्या. डाव्या अंगाचे वळण उजवीकडे उलटे कसे उमटवायचे, हा विचार तेथे बोटांना करावा लागतो. आणि उगवती-मावळती, अलीकडे-पलीकडे, तिरपे-आडवे हे शब्द घरात बोलत राहा. दूरदेशी वाढणाऱ्या मुलांच्या जिभेवरून असे शब्द फार लवकर निसटतात, आणि जागेविषयी बोलता न आले तर जागेविषयी नेमका विचार करणेही अवघड होऊन बसते.

पन्नास वर्षे हे मंडळ आपली भाषा जपत आले आहे. त्या भाषेच्या जोडीला कागद-पेन्सिलीची ही दुसरी भाषाही आपल्या मुलांना अवगत व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.