शुष्क हवा आणि आपली दृष्टी



वऱ्हाडचा उन्हाळा आपणांस मी काय सांगावा! मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लागू करावे लागले. डोळ्यांचा खरा वैरी मात्र उष्म्याहूनही हवेतील कोरडेपणा होय. अमरावती-अकोल्याकडे वैशाखातील दुपारी आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांखाली उतरते.

प्रकाशकिरण डोळ्यात शिरताना प्रथम भेटतो तो अश्रूंचा थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. वर तेलाचा तवंग, मध्ये पाणी आणि तळाशी श्लेष्म, अशी त्याची रचना आहे. शुष्क हवेत त्यातील पाणी उडते, थर ठिकठिकाणी विरतो आणि अक्षरे पसरट दिसू लागतात. पापणी मिटताच ती पुन्हा स्पष्ट होतात. एरवी आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. वाचनात किंवा मोबाईलमध्ये गढलो की हे प्रमाण बरेच घटते. तरुणांचे दुखणे बहुधा येथेच असते. परंतु त्यांच्या ग्रंथी सशक्त असतात. जळजळ होताच डोळा पाणावतो आणि ते तक्रारही करतात.

वृद्धांचे तसे नाही. वयोमानाने पापण्यांतील तेलग्रंथी क्षीण होतात, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर विशेषच. शिवाय पारपटलाची संवेदना मंदावते. डोळा कोरडा पडूनही जळजळ फारशी जाणवत नाही, केवळ अंधुक दिसते, आणि घरची मंडळी निदान करून मोकळी होतात, "आजोबांचा मोतीबिंदू पिकला!" मोतीबिंदूची धूसरता पापणी मिटल्याने हटत नाही, एवढी खूण ध्यानात ठेवावी. अर्थात दोन्ही विकार एकत्रही असू शकतात, म्हणून तपासणीला पर्याय नाही. शस्त्रक्रियेपूर्वी बसवायच्या भिंगाचा क्रमांक पारपटलाची वक्रता मोजून काढतात, आणि कोरड्या डोळ्यात ते मापन चुकू शकते. त्यासाठी आधी कोरडेपणाचा उपचार करावा, मग मापन. ऐन उन्हाळ्यात तपासणीस जाणाऱ्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना हे आवर्जून विचारावे.

आपल्याकडील कूलर, किंवा पूर्वीचे वाळ्याचे ताटे, हवेला ओलावा देतात, ही जमेची बाजू. तथापि झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. वातानुकूलित खोलीतील हवा मात्र कोरडीच असते. दुपारी बाहेर पडताना दुपट्ट्याबरोबर गॉगलही असावा. गुलाबजल, मध असले घरगुती प्रयोग डोळ्यात करू नयेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब तर मुळीच नकोत; लाली जाते खरी, परंतु दीर्घकाळ वापरल्यास त्यांनीच काचबिंदू होऊ शकतो.