दिवेलागणीची वेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केडगाव येथे केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही; पण मंडळाचा आग्रह मोडवेना. उपदेश करण्याचा माझा अधिकारही नाही. म्हणून माझी एक चूकच सांगते.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. रात्रीच्या जेवणाआधीची त्यांची गोळी मी देते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी समोर मालिका, हातात मोबाईल आणि गॅसवर भाजी, अशा गडबडीत तीच गोळी मी पुन्हा दिली. "अगं, मघाशीच दिलीस ना?" त्या म्हणाल्या. मान वर न करता मी म्हटले, "नाही हो आई, घ्या." थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. शेजारच्या वहिनींनी साखरेचे पाणी पाजले, म्हणून दवाखाना गाठता आला. बऱ्या झाल्यावर त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच मला जास्त लागले.

पुढे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाची हकीकत वाचनात आली. टाळेबंदीत मुलांची शाळा मोबाईलवर आली आणि शाळा उघडल्या तरी मोबाईल सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आधी गावातील स्त्रियांना विचारले गेले. त्यांनी रुकार दिला आणि १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने निश्चय केला. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की ८॥ पर्यंत टीव्ही व मोबाईल बंद!

आपल्याला वाटते, आपण दोन कामे एकदम करतो. खरे म्हणजे मन एकातून दुसऱ्यात उड्या मारते, आणि त्या उडीतच गोळी दिली की नाही याचा विसर पडतो.

आपले केडगाव आता महानगरपालिकेत. इथे भोंगा कोण वाजविणार? पण दिवेलागण तर घरोघर होते. देवापुढे दिवा लावला, की मोबाईल कपाटात ठेवायचा, असा मी नेम केला. गोळी दिली, की दिनदर्शिकेवर खूण करते. पहिले आठ दिवस हात आपसूक कपाटाकडे जाई. आता त्या वेळी सासूबाई जुन्या गोष्टी सांगतात आणि मुले अभ्यास उरकून ऐकायला बसतात.

मात्र भिंतीपलीकडून मालिकेचा आवाज आला, की एकट्या घराचा नेम डळमळतो. म्हणून विनंती, की हा दीड तास आपण साऱ्याजणींनी मिळून पाळावा.