बुडविलेली मजुरी

चोरी म्हटली म्हणजे फोडलेलें कुलूप आणि काळोखी रात्र डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु दिवसाढवळ्या, वहींत अंगठा उमटवून घेऊन होणारी एक चोरी आहे, आणि तिला बहुधा कोणी चोरी म्हणत नाहीं. ती म्हणजे मजुरीची चोरी.

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडीचा नाका लागतो. येथूनच वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वाट फुटते. भिवंडी तालुक्यांत भातशेती, वीटभट्ट्या, यंत्रमाग आणि अलीकडे मोठमोठीं गोदामें एकमेकांच्या शेजारीं नांदतात. मुंबईकराच्या दारांत येणाऱ्या पुष्कळशा जिनसा येथल्याच गोदामांतून निघतात. ग्राहकानें किंमत पुरी चुकती केलेली असते. तें ओझें उचलणाऱ्याला त्याचा वांटा पुरा मिळाला कीं नाहीं, हें मात्र पावतीवर लिहिलेलें नसतें.

या भागाला हा प्रश्न नवा नाहीं. जुन्या ठाणें जिल्ह्यांत लग्नासाठीं काढलेल्या थोडक्या कर्जापायीं नवराबायको दोघेंही धन्याकडे वर्षानुवर्षें राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि पुढें गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठ नाकारली. पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही त्यांची मागणी. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मेले. १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें रद्द झाली, तरी ती गेली नव्हती. १९८२ मध्यें विवेक व विद्युल्लता पंडित यांनीं उभारलेल्या श्रमजीवी संघटनेस याच जिल्ह्यांत वेठबिगार सोडविण्याचें काम करावें लागलें.

तर ही चोरी ओळखावी कशी? वीटभट्टीवर पाहावें. घरांत दाणा नसतो तेव्हां मालक बयाणा देतो. हंगामांत आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. विटांचा दर हजारी. पण मोजणारा मालकाचा आणि वहीही मालकाची. हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो, आणि सारें कुटुंब राबूनही बाकी मजुराच्याच नांवावर निघते! गोदामांत हीच गोष्ट निराळ्या वेषांत आढळते. काम बारा तास, हजेरी आठ तासांची. फुटतुटीचा दंड पगारांतून परस्पर कापला जातो. कागदावर एक रक्कम, हातावर दुसरी. आणि महिनाअखेर ठेकेदारच दिसेनासा होतो.

कायदा याविषयीं मुका नाहीं. १९३६ चा वेतन-प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा यांची जागा आतां २०१९ च्या वेतन संहितेनें घेतली असून, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिच्याप्रमाणें रोजंदारी पाळी संपतांच द्यावयाची. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत. आणि काम सुटलें तर दोन कामाच्या दिवसांत सर्व हिशेब. जादा कामास दुप्पट दर. कपात कितीही कारणांनीं केली तरी ती वेतनाच्या निम्म्याहून अधिक होतां कामा नये. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणें ही सक्तीची मजुरीच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालींच ठरविलें आहे.

तक्रार कामगार खात्याकडे करावयाची. ती कामगारास स्वतः किंवा त्याच्या संघटनेमार्फत करतां येते. मुदत तीन वर्षांची आहे. पैसे दिल्याचें सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तरीही मजुरानें आपली स्वतःची वही ठेवावी: तारीख, तास, विटांची संख्या, हातीं आलेली रक्कम. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावें. कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नये. बयाण्यापायीं कोणी भट्टी सोडूं देत नसेल, तर प्रश्न केवळ मजुरीचा राहत नाहीं. तेथें तहसीलदार वा जिल्हाधिकारी यांच्याकडे जावें. सुटकेबरोबर तें कर्जही कायद्यानें नाहींसें होतें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबास यांत काय करतां येईल? घर बांधणारानें ठेकेदाराला दर विचारतांना मजुरांचा रोजही विचारावा. कोणाची तक्रार लिहून देण्यास अर्धा तास पुरतो. आणि घरच्या मोलकरणीचे खाडे मोजणाऱ्या वहींत तिच्या जादा कामाचीही नोंद होते कीं नाहीं, हें एकदां पाहावें. अंबाडीच्या नाक्यावरील चोरीचा उगम कित्येकदां अशाच एकतर्फी वहींत असतो.