संकेतस्थळाचे दप्तर आणि शोधयंत्राची वाट
(प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एक काळ असा होता की शासकीय योजनेची माहिती गावात पोहोचावयाची, ती चावडीवरील फलकाने, दवंडीने किंवा ग्रामसभेतील वाचनाने. आज तीच माहिती नागरिक आपल्या हातातील मोबाइलवर शोधतो. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर आई किंवा वडील प्रथम शोधयंत्राला विचारतात आणि मग तालुक्याची वाट धरतात. शोधयंत्राने दाखविलेले पान कार्यालयाचे आणि चालू नियमांचे असेल, तर एका खेपेत काम होते. ते पान दोन वर्षांपूर्वीचे असेल, तर कागद अपुरे पडतात, एका दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवेशाची मुदत कदाचित टळूनही जाते. संकेतस्थळ शोधयंत्राला सुलभ ठेवणे, ज्याला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणतात, हा विषय व्यापाऱ्यांच्या जाहिरातीपुरता मर्यादित नाही. तो लोकसेवेचा विषय आहे. हे काम एकदा करून संपत नाही. ते सतत अद्ययावत ठेवावे लागते.

शोधयंत्र काम कसे करते?

शोधयंत्राचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर त्याचे संगणकीय हेर एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात जगभरची पाने गोळा करतात. दुसऱ्या पायरीवर त्या पानांतील शब्दांची सूची तयार होते. नागरिकाने प्रश्न विचारताच ही सूची चाळून कोणते पान आधी दाखवावयाचे हे ठरते, ती तिसरी पायरी. अभिलेख कक्षाशी परिचय असणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. कागद कक्षात आलाच नाही, तर तो मिळत नाही. आला पण नोंद झाली नाही, तरी मिळत नाही. नोंद झाली, पण विषयाच्या रकान्यात 'संकीर्ण' एवढेच लिहिले असेल, तर शोधणाऱ्याचा दिवस जातो.

संकेतस्थळावरील पुष्कळशा पानांचे असेच होते. प्रत्येक पानाला स्वतःचे शीर्षक असते आणि शोधाच्या निकालात नागरिकाला प्रथम तेच दिसते. सर्व पानांचे शीर्षक 'मुखपृष्ठ' किंवा केवळ कार्यालयाचे नाव असेल, तर यंत्रालाही बोध होत नाही आणि माणसालाही नाही. 'उत्पन्नाचा दाखला : लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि कालावधी' असे शीर्षक दोघांनाही समजते.

नियम बदलतात, म्हणून

अद्ययावततेची गरज दोन बाजूंनी निर्माण होते. पहिली बाजू यंत्राची. गूगल ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून तिचे निकष सतत बदलत आले आहेत. पूर्वी पानाच्या आतील अदृश्य भागात शोधशब्दांची यादी भरून ठेवण्याची चाल होती. आपण क्रम लावताना ही यादी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. तरीही ती भरण्याचे श्रम पुढे कित्येक ठिकाणी चालू राहिले. २०११ मध्ये उथळ आणि नकलेल्या मजकुराची पाने मागे टाकणारा बदल झाला आणि २०१२ मध्ये विकतच्या व बनावट दुव्यांना आळा घालणारा. २०१४ पासून सुरक्षित जोडणी, म्हणजे 'एचटीटीपीएस', हा एक निकष झाला. २०१५ मध्ये मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप मिळू लागले. पानाच्या संगणकावरील रूपाऐवजी मोबाइलवरील रूपच सूचीसाठी आधार धरण्याची पद्धत २०२३ पर्यंत जवळजवळ सर्वत्र लागू झाली. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही अपेक्षा २०२१ पासूनच्या निकषांत आहे.

या इतिहासातून घ्यावयाचा बोध असा की, दहा वर्षांपूर्वी उत्तम म्हणून स्वीकारलेले संकेतस्थळ आज मागे पडलेले असू शकते. त्यात कोणी काही बिघडविलेले नसते. कोणी काही केलेले नसते, एवढेच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या क्रमांकाची हमी देणारे मध्यस्थ अनेक भेटतात, परंतु अशी हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगलच सांगते. सार्वजनिक पैसा अशा हमीवर खर्च होऊ नये.

माहिती बदलते, म्हणून

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय २०२४ च्या जून महिन्याच्या अखेरीस निघाला. अर्जाची मुदत प्रथम १५ जुलैपर्यंत होती. काही दिवसांतच ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली, वयाची कमाल मर्यादा ६० वरून ६५ वर्षे झाली आणि पाच एकर जमिनीची अट वगळण्यात आली. पुढे मुदत आणखी वाढून ऑक्टोबरपर्यंत गेली. ज्या पानावर पहिलीच तारीख आणि पहिलीच वयोमर्यादा राहिली असेल, ते वाचून ६३ वर्षांच्या पात्र महिलेने अर्जच केला नसता. असे पान शोधात वरच्या क्रमांकावर असेल, तर हानी अधिक. न सापडलेले पान माणसाला कार्यालयात चौकशी करावयास लावते. सापडलेले जुने पान त्याला खात्रीने चुकीचे सांगून घरी पाठविते. म्हणून शोधात वर येणे आणि माहिती ताजी असणे ही दोन कामे वेगळी मानता येत नाहीत.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक सुधारणेसाठी नवे पान न काढता, योजनेचे एकच कायम पान ठेवावे आणि सुधारणा त्याच पत्त्यावर करावी. वरच्या बाजूला 'अखेरची सुधारणा' अशी तारीख लिहावी आणि जुने निर्णय खाली क्रमाने द्यावेत. मजकूर न बदलता केवळ तारीख बदलण्याचा मोह मात्र टाळावा. संकेतस्थळाच्या यंत्रवाचनीय नकाशात, म्हणजे 'साइटमॅप'मध्ये, प्रत्येक पानाच्या सुधारणेची तारीख देता येते. ती सातत्याने खरी आढळली, तरच शोधयंत्र तिचा उपयोग करते.

२०२४ पासून भारतात गूगलच्या शोधनिकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले संक्षिप्त उत्तरही दिसू लागले. ते उत्तर उपलब्ध पानांवरूनच बनते. मूळ पान शिळे असेल, तर उत्तरही शिळे मिळणार, आणि पुष्कळ नागरिक मूळ पान न उघडता त्यावरच विसंबणार. अद्ययावत पानाची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

लोकांचे शब्द पानावर हवेत

शासकीय भाषेत 'प्रमाणपत्र', लोकांच्या तोंडी 'दाखला'. शासकीय भाषेत 'अधिकार अभिलेख', लोकांच्या तोंडी 'सातबारा'. नागरिक आपल्या शब्दांनी शोधतो, म्हणून दोन्ही शब्द पानावर सहजपणे यावेत. नावे बदलतात तेव्हा ही काळजी विशेष घ्यावी लागते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नवे नाव सर्वत्र यावे हे योग्यच. परंतु जुन्या नावाने शोधणारा नागरिक, जुना दाखला हातात असलेला विद्यार्थी आणि परगावी राहणारा खातेदार यांच्यासाठी 'पूर्वीचे नाव' असा उल्लेखही असावा.

संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमची वाट काढून द्यावी लागते. तांत्रिक भाषेत याला '३०१ पुनर्निर्देशन' म्हणतात. ही वाट किमान एक वर्ष खुली ठेवावी, असा गूगलचा सल्ला आहे. शासकीय पत्ते पाठ्यपुस्तकांत, फलकांवर आणि पत्रव्यवहारात छापलेले असल्याने ती शक्य तितकी कायम ठेवणे श्रेयस्कर. कार्यालय नव्या इमारतीत गेले की जुन्या दारावर सूचना लावली जाते, तसेच हे आहे.

चित्रात अडकलेली अक्षरे

मराठी संकेतस्थळांची एक जुनी अडचण आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान मिळाले, परंतु दीर्घकाळ टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्येच होत राहिले. असा मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण यंत्राला तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह वाटतो. त्यानंतर पद्धत आली, ती परिपत्रक छापून, सही-शिक्का करून, त्याचे छायाचित्र चढविण्याची. शोधयंत्रे चित्रातील अक्षरे वाचण्याचा प्रयत्न करतात, परंतु पुसट शिक्के आणि तिरपी पाने यांमुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आणि दृष्टिहीन नागरिकाचे वाचनयंत्र तेथे मूकच राहते. सहीची प्रत जरूर ठेवावी. तिच्यासोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून पानावर द्यावा.

दप्तराची शिस्त

हे सर्व कोणी आणि केव्हा करावयाचे? कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत परिचित आहे. स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद वेगळे, नष्ट करावयाचे वेगळे. हीच शिस्त संकेतस्थळाला लावता येते. कायम उपयोगाची पाने अद्ययावत ठेवावीत. संपलेल्या योजना 'मुदत संपली' अशा ठळक नोंदीसह अभिलेखात न्याव्यात. निरुपयोगी आणि दुबार पाने काढून टाकावीत.

दर आठवड्याला चालू योजनांच्या तारखा, दूरध्वनी क्रमांक आणि अधिकाऱ्यांची पदनामे पाहावीत. दर महिन्याला गूगलचे 'सर्च कन्सोल' हे विनामूल्य साधन उघडावे. नागरिकांनी कोणते शब्द वापरले, कोणते पान किती वेळा दिसले, कोणते पान सूचीत आले नाही आणि कोठे दुवा तुटला आहे, हे त्यात दिसते. त्यात १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते. त्यामुळे गतवर्षीच्या प्रवेशकाळाशी यंदाची तुलना करता येते. लोक एखादा शब्द वारंवार शोधत असतील आणि त्याचे उत्तर देणारे पानच नसेल, तर ते पान लिहिणे हे पुढील महिन्याचे काम. दर तिमाहीस संकेतस्थळ साध्या मोबाइलवर, गावातील जोडणीवर उघडून पाहावे. नवी रचना सुरू करताना एक तपासणी विसरू नये. बांधणी चालू असताना शोधयंत्रांना मज्जाव करणारी ओळ घातलेली असते. ती काढावयाची राहिली, तर संपूर्ण संकेतस्थळ शोधातून अदृश्य होऊ शकते. तसेच, आपल्या पत्त्याखाली कोणी परक्या औषधांची किंवा जुगाराची पाने घुसडली नाहीत ना, हेही शोधून पाहावे. दुर्लक्षित संकेतस्थळे अशा घुसखोरीला बळी पडतात.

या कामात शिक्षकांचा मोठा उपयोग होईल. विद्यार्थ्यांना 'शिष्यवृत्तीची माहिती शोधा' असा पाठ दिला, तर मुले कोणते शब्द वापरतात आणि कोठे अडखळतात, हे तासाभरात कळते. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा : "मोबाइलवर काय शोधले आणि काय सापडले नाही?" या उत्तरांची नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी संबंधित कार्यालयाकडे पाठवावी. अशी नोंद कोणत्याही महागड्या अहवालापेक्षा उपयुक्त ठरेल.

कायद्याचा आधार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेखांची सूची व निर्देशांक ठेवण्याचे बंधन घातले आहे. स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहिती दरवर्षी अद्ययावत करावी आणि प्रसार करताना स्थानिक भाषा व परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी, असेही तेच कलम सांगते. हा कायदा झाला तेव्हा मोबाइलवरील शोध आजच्यासारखा घरोघरी नव्हता. तरीही त्यातील तत्त्व आजच्या शोधयंत्राला नेमके लागू पडते. वर्षातून एकदा ही कायद्याची किमान मर्यादा आहे. योजनेची मुदत मात्र पंधरा दिवसांतही बदलते.

यास्तव प्रत्येक कार्यालयाने प्रत्येक पानाला एक जबाबदार कर्मचारी नेमून द्यावा, त्याचे पदनाम पानाखाली लिहावे आणि मासिक आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेत 'संकेतस्थळ' हा विषय कायमचा ठेवावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठे अनुदान लागत नाही. लागते ती नोंद ठेवण्याची जुनीच सवय. दूरच्या वाडीवरील नागरिकाने रात्री आपल्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला शासनाचे बिनचूक उत्तर मिळाले आणि सकाळी तो योग्य कागद घेऊनच एस.टी.त बसला, तर या परिश्रमांचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.